वाजणारी आई

टुई-टुई. टुई-टुई.

आवाज एवढासा, नळाला उचकी लागावी तेवढा. पण घरातल्या एकुलत्या एक शांततेला त्याने बरोबर मधोमध टाचणी लावली. ही शांतता रोज सकाळी यायची आणि पाहुण्यासारखी उभ्या उभ्याच परत जायची. मुंगी दुधाच्या पेल्यात नाक बुडवून बसलेली, मुंगीचा बाबा एका बुटाची नाडी बांधून दुसऱ्या बुटाला विसरलेला, सासूबाई खिडकीशी चहाच्या कपावर हात शेकत बसलेल्या, आणि मुंगीची आई ओट्याशी, सगळ्यांकडे पाठ करून उभी. आपण इथे आहोत हे कुणाला आठवू नये म्हणून तेवढ्या वेळात ती श्वाससुद्धा बेतानेच घेत असे.

"काय वाजलं गं?" बाबाने विचारलं.

"फ्रिज."

हे तिचं ठरलेलं उत्तर. घरात काहीही वाजो, गळो, ठणको, सगळं फ्रिजच्या नावावर. पाठीत उसण भरून तिच्या तोंडून "आई गं" निसटलं आणि कुणी "काय झालं?" विचारलं, तरी ती म्हणायची, "काही नाही, फ्रिज." फ्रिज बिचारा जुना, त्याला उलट बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा टुई-टुई. तिसऱ्या दिवशीही. मग मात्र बाबाच्या धंद्याचा अपमान झाला. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा. तळमजल्यावर उभा राहून, डोळे मिटून, वरच्या मजल्यावरचा कुठला रूळ कोरडा पडलाय ते सांगायचा. असल्या माणसाच्या स्वतःच्या घरात काहीतरी वाजतं आणि त्याला पत्ता लागत नाही, म्हणजे काय!

त्याने फ्रिज भिंतीपासून ओढला. मागून मुंगीचे दोन क्रेयॉन, एक चमचा आणि फ्रिजचं निर्दोषत्व बाहेर आलं. त्याने छताला लावलेला धुराचा भोंगा उतरवून त्याची आतडी टेबलावर पसरली. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढले. मुंगीच्या बोलणाऱ्या बाहुलीचं पोट फाडलं, तेव्हा मुंगीने असा टाहो फोडला की त्या दिवशी टुई-टुई झालं की नाही तेच कुणाला कळलं नाही.

"आवाज फिरतोय," तो गंभीरपणे म्हणाला. "परवा ओट्याशी होता, काल न्हाणीघरात, आज पलंगाजवळ."

"मग उंदीर असेल," ती म्हणाली.

"उंदीर टुई-टुई करतो?"

"घड्याळ गिळलेला असेल."

"मला तर बाई काहीच ऐकू येत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं कानातलं यंत्र साखरेच्या डब्याशेजारी ठेवलेलं होतं.

शेवटी सुट्टीच्या दिवशी त्याने मोहीम काढली. प्रत्येकाला एकेक जागा नेमून दिली. सासूबाई यंत्र कानात घालून खिडकीशी, मुंगी पलंगाखाली, तो स्वतः फ्रिजच्या मागे आणि मुंगीची आई दारात. सगळ्यांनी कान टवकारले. ती तर टाचा उचलून उभी राहिली, जणू आवाज उंचावरून येणार होता.

टुई-टुई.

"इथे! इथे!" ती ओरडली. "मी अगदी बरोबर जागी उभी आहे! इथूनच येतोय!"

बाबा धावत आला. आवाज थांबला होता. ती चौकट ठोकून बघत होती, कडीला कान लावत होती, आपल्यालाच सापडला या आनंदाने फुलली होती. तेवढ्यात मुंगी पलंगाखालून सरपटत बाहेर आली. हिचं नाव मुंगी पडलं ते उगाच नाही. साखरेचा कण कुठेही लपवा, ही पाच वर्षांची कार्टी तिथे हजर. ती आईच्या जवळ आली, खुर्ची ओढून वर चढली आणि आईच्या डाव्या खांद्याखाली, गळ्याच्या हाडाशी, कान लावून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "तू वाजतेस."

मग सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या लेकाने फ्रिज सोलला."

त्या हाडाखाली, कातडीच्या आत, मुंगीच्या आईला एक डबी होती. मुंगीच्या जन्माच्या कितीतरी आधीची. कॉलेजात असताना ती एकदा चालता चालता कोसळली होती. तिच्या हृदयाला मधूनच ताल सोडून सैरावैरा धावायची खोड आहे असं तेव्हा निघालं, आणि त्या खोडीवर पहारा म्हणून ही डबी बसवली गेली. डबीतून एक तार निघायची, मोठ्या शिरेतून उतरत थेट हृदयात जायची. हृदय बहकलं की डबीने त्या तारेतून फटका द्यायचा आणि त्याला जाग्यावर आणायचं, असा एकूण बंदोबस्त. बसवल्या दिवशी नर्सने तिला एक आवाज ऐकवला होता. "असं वाजलं की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. लगेच यायचं हं!" मुंगीची आई तेव्हा हसून म्हणाली होती, "वा, म्हणजे माझं काही बिनसलं तर निदान कुणीतरी मला कळवेल." आणि घरी येऊन साफ विसरून गेली. शरीरात भोंगा घेऊन फिरणारी बाई छतावरचा भोंगा उसवायला नवऱ्याला स्टूल धरून देत होती. अकलेचे कांदे काय फक्त दुसऱ्यांच्याच घरी असतात?

रुग्णालयात एका तंत्रज्ञाने तिच्या खांद्यावर चकतीसारखं काहीतरी ठेवलं, पडद्यावर रेघा उमटल्या, आणि त्या रेघा बघून त्याने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. या डॉक्टरीणबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर चढवून शोधणाऱ्या. मुंगीच्या आईला त्या लगेच आवडल्या. चष्मा शोधणारं माणूस आपल्यातलंच.

"डबी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तार गेलीय. वर्षानुवर्षं हात हलला की तीही वाकते, त्यात एके ठिकाणी चिरलीय. धोका असा, की ती खोटी बातमी देईल. हृदय व्यवस्थित चाललेलं असताना डबीला वाटेल बहकलंय, आणि ती फटका देईल. कडेवर मूल असताना, समजा."

मुंगीची आई "समजा"पाशी अडखळली.

"फटका मी सध्या बंद केलाय. पण मग खरंच गरज पडली तर तो मिळणार नाही. म्हणून तुम्हाला घरी सोडता येत नाही. इथे राहायचं, आमच्या नजरेसमोर."

"मग घालून टाका नवीन तार," ती म्हणाली. "जुनी असू दे तशीच. ती काय खायला मागते?"

हे ऐकून बाजूला उभ्या असलेल्या बाबाने वर छताकडे बघितलं. "असू दे" हे तिच्या घराण्याचं बोधवाक्य होतं. घरी कपाटात तिचा एक खण होता, त्यात मेलेल्या फोनांचे चार्जर, कुठल्याच भोकात न बसणाऱ्या पिना, एका कानाने बहिरे झालेले हेडफोन, आणि एक अशी वायर जी कशाची आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तो टाकून देऊ म्हणाला की ती म्हणायची, "असू दे, कधीतरी लागेल." कधीही लागलं नव्हतं.

"तशीच सोडता येते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरेच जण सोडतात. मी काढा म्हणतेय."

"काढायला सोपी आहे का?"

"घालायला सोपी होती. काढायला नाही. इतक्या वर्षांत शरीर त्या तारेवर साल धरतं. शिरेला चिकटते, हृदयाच्या आतल्या भिंतीला चिकटते."

इथे मुंगीच्या आईला राहवलं नाही. ती एका कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. दुकानात शिवणारे बरेच, जुनं उसवणारी ती एकटी. कोट सैल करायचा, पँटची कंबर वाढवायची, आधी सगळे टाके काढायला तिच्याकडेच यायचं. "मग ओढू नका हं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "ओढलं की कापड फाटतं. थोडं थोडं सोडवत जायचं, घाई नाही करायची."

ज्या बाईने असल्या तारा सोडवण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं, तिने हा उपदेश शांतपणे ऐकून घेतला. "बरं," त्या म्हणाल्या. "लक्षात ठेवीन." बाबाने पुन्हा छताकडे बघितलं.

मग डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी काही न लपवता सांगितलं. तारेवरून एक नळी सरकवत न्यायची, तिने चिकटलेला भाग वेगळा करत करत आत जायचं, आणि शेवटी तार बाहेर काढायची. सवय असलेल्या हातांनी केलं तर बहुतेक वेळा सगळं नीट पार पडतं. शंभरातल्या एखाद-दोन वेळा मात्र शीर किंवा हृदय फाटतं, मग तिथल्या तिथे छाती उघडावी लागते. त्यासाठी सर्जन आधीपासूनच खोलीत उभा असतो. एवढं करूनही कधीतरी माणूस जातं. तार जितकी जुनी, तितका धोका जास्त. तुमची बऱ्यापैकी जुनी आहे.

"आणि नाही काढली तर आज काहीच नाही ना होणार?" मुंगीच्या आईने विचारलं.

"आज काहीच नाही. शिरेत एक मेलेली तार आणि एक नवी, दोघी शेजारी नांदतील. काही वर्षांनी नवीही जुनी होईल, मग तिसरी. एक दिवस शिरेत जागाच उरणार नाही. किंवा जंतू शिरतील, आणि जंतू शिरले तर एकही तार आत ठेवता येत नाही, सगळ्या काढाव्याच लागतात. तेव्हा आजची ही तार आणखी वीस-पंचवीस वर्षं मुरलेली असेल."

"तेव्हाचं तेव्हा बघू की."

"तेच सांगतेय." डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "मी हिशेब करतेय तो तुम्ही ऐंशी वर्षं जगाल असं धरून. तुम्ही काय धरून करताय?"

एरवी मुंगीच्या आईकडे प्रत्येक गोष्टीला एक विनोद तयार असायचा, चिल्लर ठेवावी तसा. आता तिने खिसे चाचपले तर एकही नाही. तिने काहीच धरलं नव्हतं. कॉलेजात कोसळली त्या दिवसापासून ती आयुष्यात भाडेकरूसारखी राहत होती. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, मालक कधी जा म्हणेल सांगता येत नाही. लग्न केलं तेव्हाही "बघू किती टिकतं" असं ती हसत म्हणाली होती. नवऱ्याला वाटलं लग्नाबद्दल म्हणतेय. मुंगी झाली तेव्हा मात्र असं काही म्हणवलं नाही, म्हणून त्या विषयावर बोलणंच तिने सोडून दिलं होतं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

विचार म्हणजे काय, तर ती खाटेवर पडून छातीला चिकटवलेल्या वायरी मोजत राहिली. घरच्या खणात होत्या त्याहून जास्त भरल्या. एकदा वाटे, काढूच नये. शंभरातली ती एक बाई कुणीतरी असतेच ना, आणि आपलं नशीब असं, की दुकानात हजार बटणांत एक फुटकं असलं तर ते आपल्याच हाताला लागतं. मग वाटे, तेव्हाचं तेव्हा म्हणजे मुंगी केवढी असेल तेव्हा? हा आकडा डोक्यात आला की ती कूस बदलायची, आणि यंत्र "वायर सुटली" म्हणून बोंबलायचं. आता तर सगळंच वाजत होतं.

दुपारी सासूबाई मुंगीला घेऊन आल्या. मुंगी आल्या आल्या खाटेवर चढली आणि डाव्या खांद्याखाली कान लावला.

"वाजत नाहीये," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी निराशा होती. शोध तिने लावला होता.

"त्यांनी आवाज बंद केलाय."

"तुला भीती वाटते?"

"मला? छे! फ्रिजला वाटतेय. घरी एकटाच आहे ना तो!"

मुंगी हसली नाही. तिने आईच्या तोंडाकडे बघितलं, मग परत खांद्याला कान लावला, आणि तशीच पडून राहिली. थोड्या वेळाने तिला बाबा पाणी प्यायला घेऊन गेला.

सासूबाईंनी पिशवीतून एक फ्रॉक काढला. पिवळा, कॉलरला बारीक पांढरी किनार. मुंगीचा होता. घरी मशीनवर अर्धवट राहिलेला. "बटणं तेवढी लाव," त्या म्हणाल्या. "बसून बसून बोटांना गंज चढेल."

तिने सुई घेतली. सासूबाई फ्रॉकचा घेर हातात धरून उलटापालटा करत होत्या. खालची दुमड उलगडून बघितली. चांगली चार बोटं आत मुडपलेली. मग बाहीची बघितली, तिथेही तेच. कंबरेलाही आत कापड भरून ठेवलेलं.

"हे काय गं एवढं?"

"वाढत्या अंगाची आहे ना. दरवर्षी थोडं उसवून खाली सोडायचं. तीन-चार वर्षं निघतात एकेका फ्रॉकला."

"सगळ्याच फ्रॉकांना असं ठेवलंयस?"

"सगळ्याच."

सासूबाईंनी हिशेब केल्यासारखा फ्रॉक मांडीवर पसरला. "म्हणजे ही आठ-नऊ वर्षांची होईतो उसवायचं काम काढून ठेवलंयस तू. कपाटभर." त्यांनी चष्मा पुसला. "कोण उसवणार? माझा लेक? त्याला दिलंस तर तो स्क्रूड्रायव्हरने उसवेल. आणि मला विचारशील तर मला सुईतला दोरा दिसत नाही. दोरा जाऊ दे, सुई दिसत नाही."

"आई..."

"आई काय आई? मी कुणाला घाबरवायला नाही आले. तोंडाने तू काहीही म्हण, बाई, तुझी बोटं वेगळंच सांगतायत. एवढी दुमड ठेवते ती बाई निघून जायच्या तयारीत असते होय?" त्यांनी फ्रॉक तिच्याकडे फेकला. "लाव बटणं. आणि घट्ट लाव, ती चावते."

मुंगीच्या आईने बटण लावलं. पहिलं बटण तिने उलट्या बाजूने लावलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला काही दिसत नाहीये. धंद्याची एवढी वर्षं, आणि बटण उलटं! तिने तो टाका कापला, नाक पुसलं (फ्रॉकलाच, दुसरं काही हाताशी नव्हतं) आणि पुन्हा लावलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या.

"ऐंशी धरा," मुंगीची आई म्हणाली.

"नक्की?"

"पंच्याऐंशी धरलंत तरी चालेल. फक्त माझ्या सासूबाईंना सांगू नका, त्यांना वाटेल मी त्यांच्याशी स्पर्धा करतेय."

ठरलेल्या सकाळी तिला ढकलगाडीवरून नेताना गाल वर आलेला, बोलक्या डोळ्यांचा एक माणूस बरोबर चालू लागला. "मी सर्जन," त्याने सांगितलं. "आज माझं काम नुसतं उभं राहायचं आहे."

"म्हणजे ज्याला बोलवावं लागू नये असा पाहुणा."

"अगदी."

"मग राग मानू नका, पण तुमची पुन्हा भेट होऊ नये अशी माझी फार इच्छा आहे."

"माझीही," तो म्हणाला. "तुम्ही चांगल्या आहात, पण तरीही."

आत खोली थंडगार. माणसं पुष्कळ, आणि प्रत्येकाला नेमकं ठाऊक की आपण कुठे उभं राहायचं. घरच्या मोहिमेत हे जमलं नव्हतं. तिने भूल देणाऱ्याला सांगितलं की मला जरा जपून झोपवा, पाच वर्षांत सलग झोपलेली नाही, उठायचेच नाही मी. सगळे हसले. विनोद चांगला जमला होता. तीही हसली, आणि हसता हसता तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी निघून थेट कानांत गेलं, कारण आडव्या पडलेल्या माणसाचं पाणी कानांतच जातं, त्याला दुसरी वाट नसते. एका नर्सने काही न बोलता बोटाने ते टिपलं. मग तिचा हात हातात घेतला. उठायचेच नाही, हे काय बोलून बसलो आपण, असं म्हणता म्हणता मुंगीच्या आईला दिवे पुसट दिसू लागले.

ती उठली. घसा खरखरत होता आणि छातीवर कुणीतरी कोटांचा गठ्ठा ठेवल्यासारखं जड वाटत होतं. बाबाचा चेहरा समोर होता, कालच्यापेक्षा बराच जुना झालेला.

"निघाली," तो म्हणाला. "सगळी निघाली. नवीनही बसवली."

"मग रडतोस काय?"

"रडत नाहीये."

"मग काय, फ्रिज गळतोय?"

त्याने तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. मग हळूहळू सांगितलं. सांगितल्यापेक्षा बराच वेळ लागला होता. तार वर एके ठिकाणी अशी घट्ट धरून बसली की सुटेना. मध्येच रक्तदाब उतरला, खोलीतलं बोलणं बंद झालं, आणि त्या उभ्या राहायच्या पाहुण्याने हातमोजे चढवले. मग दाब परत चढला. डॉक्टरीणबाई थांबल्या, दुसरी नळी घेतली, पुन्हा हळूहळू सोडवू लागल्या. शेवटी पाहुण्याने हातमोजे उतरवले. हे सगळं त्याला नंतर डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. "त्या म्हणाल्या, तुमच्या बायकोने ओढू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून नाही ओढली."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ती तार तिला दाखवली. पारदर्शक डबीत वेटोळं करून ठेवलेली. बारीक, साधी, सुतळीएवढीसुद्धा नाही. मध्ये मध्ये पांढुरकं काहीतरी तिला लपेटून बसलं होतं, भिंतीवरून वेल उपटली की गिलावा येतो तसं. ते तिचंच होतं. तिच्या शरीराने इतकी वर्षं गुपचूप बसून त्या तारेला आपलं म्हटलं होतं. "असू दे" म्हणायची सवय नुसती तोंडालाच नव्हती तर!

"मला द्याल का ही?" तिने विचारलं. "घरी माझा एक खण आहे."

"नाही," डॉक्टरीणबाई आणि बाबा एकदमच म्हणाले.

घरी आल्यावर पहिला नियम असा, की डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि जड उचलायचं नाही. मुंगी जडात मोडत होती. तिला कडेवर घेता येईना, वेणी घालता येईना. बाबाने वेणी घालायला घेतली ती लिफ्टच्या दोरासारखी झाली, भक्कम आणि एका बाजूला झुकलेली. सासूबाईंनी कानातलं यंत्र आता रोज घालायला सुरुवात केली होती. कारण विचारलं तर म्हणाल्या, "या घरात कोण कधी वाजेल, नेम नाही."

एका दुपारी मुंगीच्या आईने तो खण उघडला. एवढी मोठी तार काढली, ही चिल्लर काय! तिने मन घट्ट करून सगळं कचऱ्यात ओतलं. ती कशाचीच नसलेली वायर शेवटी टाकली. दोन दिवसांनी बाबा फ्रिजमागे वाकून म्हणाला, "अगं, ती एक काळी वायर होती ना तुझ्या खणात, आखूड? ती याची होती." सासूबाईंनी यंत्र कानातून काढून ठेवलं, म्हणजे पुढचं भांडण ऐकायला नको.

फ्रिज आता खरंच वाजू लागला होता. मधूनच गुरगुरायचा, थरथरायचा, मग गप्प. तिला खूप बरं वाटायचं ते ऐकून.

आज मुंगीला शाळेला सुट्टी होती. पिवळा फ्रॉक घालून ती आईच्या उजव्या बाजूला खाटेवर बसली होती, कारण डावी बाजू अजून सगळ्यांना बंद होती. आई एका हाताने फ्रॉकची दुमड चाचपून बघत होती. मुंगी हळूच पुढे वाकली आणि नव्या टाक्यांपासून जरा लांब, जपून, कान लावला.

"डबी आता वाजते का?"

"बिघडली तर वाजेल. आत्ता ठीक आहे ती."

"फ्रिज बिघडला की पण वाजतो."

"वाजतोच आहे."

"बाबा म्हणाला, तू झोपलीस तेव्हा तू आधी रडलीस. नर्सने त्याला सांगितलं."

"मी? छे! तो..." मुंगीच्या आईचं तोंड उघडंच राहिलं. बाहेर ओट्याशेजारी फ्रिज गुरगुरला आणि थांबला. लेक तिच्याकडे बघत होती, उत्तर कुठे लपवलंय ते शोधत, साखरेचा कण शोधावा तशी.

"डबीला काही झालं की डबी वाजते," मुंगी म्हणाली. "फ्रिजला काही झालं की फ्रिज वाजतो. आई, तुला काही झालं की काय वाजतं?"